पाण्याकांठचें गांव कसें पाहावें : पवनीची एक दिवसाची सहल

चीन देशाच्या पूर्वभागीं, यांग्त्से नदीच्या मुखाजवळील सखल प्रदेशांत, कांहीं जुनीं जलनगरें आहेत. चौच्वांग, थोंगली, वूचेन हीं त्यांचीं नांवें आतां आपल्याकडील हौशी प्रवाशांच्याही कानांवरून गेलेलीं असतात. तेथें रस्त्याच्या जागीं कालवा असतो. घराचें एक दार गल्लींत उघडतें, तर दुसरें पाण्यावर. आणि त्या दाराखालीं होडी लावण्यासाठीं व धुणेंभांडें करण्यासाठीं दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या असतात. भात आणि रेशीम यांचा व्यापार या कालव्यांतून चालला, व त्यावर हीं गांवें श्रीमंत झालीं. आज शांघायसारख्या महानगरांतून सकाळीं निघून सायंकाळीं परतणारे लोक तेथें लोटतात, आणि भर दुपारीं लहानशा कमानदार पुलांवर पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. गांव खरें पाहतो तो पहाटे पोंचणारा, किंवा रात्रीं मुक्काम करणारा. यावरून एक साधा नियम निघतो. पाण्याकांठच्या गांवीं जातांना आधीं पाण्याचा ऋतु व पाण्याची वेळ पाहावी, आणि मग आपल्या घड्याळाकडे वळावें.

हा नियम पडताळून पाहण्यासाठीं चीनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आमच्या उमरेडपासून सुमारें ४० किलोमीटरांवर, नागपुरापासून सुमारें ८० किलोमीटरांवर, भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या पश्चिम तीरावर पवनी हें गांव आहे. चिनी नगरांसारखे घरोघरचे कालवे येथें नाहींत. परंतु एका अंगास नदी, आणि उरलेल्या अंगांस मातीचा थोर तट व त्याबाहेर खंदक, अशी या गांवाची मूळची रचना आहे. एका बाजूचें पाणी निसर्गानें दिलें, बाकीच्या बाजूंचें मनुष्यानें खणून आणलें. त्यांत देवळांची आणि घाटांची दाटी; म्हणून लोक या गांवास विदर्भाची काशी म्हणतात. ही काशी एका दिवसांत कशी पाहावी, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

गांव पाहण्यापूर्वीं तें तेथेंच कां वसलें हें समजून घ्यावें. वैनगंगा मध्यप्रदेशांत सिवनी जिल्ह्यांत उगम पावते, बालाघाटावरून भंडारा जिल्ह्यांत येते, पुढें वर्धा नदीस मिळून प्राणहिता हें नांव घेते आणि अखेर गोदावरींत विलीन होते. म्हणजे पवनीच्या घाटावर उभा असलेला मनुष्य सातपुड्याचा डोंगरी मुलूख आणि गोदावरीचें खोरें यांस जोडणाऱ्या एका जुन्या वाटेवर उभा असतो. भोंवतालीं भाताची जमीन आणि तळ्यांचा प्रदेश. अन्न, पाणी व वाट हीं तिन्ही जेथें एकत्र येतात, तेथें नगर उभें राहतें आणि त्याच्या रक्षणासाठीं तट-खंदकही उभे राहतात.

हें नगर किती जुनें आहे याचा पुरावा १९६९-७० सालीं जमिनींतून वर आला. डॉ. शांताराम भालचंद्र देव यांच्या नेतृत्वाखालील नागपूर विद्यापीठ आणि श्री. जगत्पति जोशी यांच्याद्वारें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, या दोघांनीं मिळून येथें उत्खनन केलें. गांवाजवळ बालसमुद्र नांवाचें तळें आहे; त्याच्या सान्निध्यांत जगन्नाथ टेकडी म्हणून एक उंचवटा आहे. ती टेकडी नसून विटांचा प्रचंड बौद्ध स्तूप आहे, असें त्या खणण्यांत सिद्ध झालें. व्यासाच्या मानानें तो सांचीच्या थोरल्या स्तूपाच्या तोडीचा आहे. इसवी सनापूर्वींच्या शतकांत एवढी वास्तु उभी करणारें गांव सामान्य खेडें असूं शकत नाहीं. पवनीसच मिळालेल्या एका दगडी स्तंभावर रूपिअम्म नांवाच्या महाक्षत्रपवंशीय कुमाराचा उल्लेख असून त्या स्तंभास 'छायास्तंभ', म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला खांब, असें म्हटलें आहे.

पवनीच्या शिल्पांपैकीं एक तर आपल्या आजच्या विषयाशीं फारच जुळतें. बोधिप्राप्तीनंतर भगवान् बुद्ध ध्यानस्थ असतां सात दिवस वादळी पाऊस कोसळला, आणि मुचलिंद नांवाच्या नागराजानें आपली फणा छत्रासारखी धरून त्यांचें रक्षण केलें, अशी कथा आहे. पवनीच्या शिल्पकारानें ती दगडांत कोरली. त्या काळच्या प्रथेप्रमाणें बुद्धाची मूर्ति त्यानें दाखविली नाहीं. केवळ रिकामें आसन दाखविलें, त्यावर पांच फणांचा नाग दाखविला, आणि नागाचें नांव ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेवलें. पावसाचें आणि पुराचें भय ज्यांच्या नित्य परिचयाचें होतें, अशा नदीकांठच्या लोकांना ही कथा किती जवळची वाटली असेल याची कल्पना करावी. हें शिल्प आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

यावरून सहलीची पहिली पायरी ठरते, आणि ती पवनींत नाहीं. आधींच्या एखाद्या रविवारीं नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, म्हणजे १८६३ सालीं स्थापन झालेल्या आपल्या अजबबंगल्यांत, मुलांना घेऊन जावें. प्राचीन विदर्भाचीं शिल्पें व शिलालेख तेथें पाहावे. याचें कारण असें कीं टेकडीवर आतां विटांचे अवशेष दिसतात. कोरींव काम तेथून हलविलेलें आहे. आधीं शिल्प पाहिलें असेल तर विटांचा ढीग बोलका होतो. नाहीं तर दूर जाऊन मुलें विचारतात, "येथें पाहावयाचें काय?" आणि वडील मंडळींसही उत्तर सुचत नाहीं.

दुसरी पायरी ऋतूची निवड. पावसाळ्यांत वैनगंगेचें रूप भव्य असतें. परंतु कुटुंब घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा तो काळ नव्हे. पवनीच्या वरच्या अंगास, कांहीं किलोमीटरांवर, गोसीखुर्दचें ३३ दरवाजांचें धरण आहे. पवनींत आकाश निरभ्र असतांही दूर सिवनी-बालाघाटाकडे जोराचा पाऊस झाला, तर तें पाणी धरणांत येतें, दरवाजे उघडावे लागतात, आणि खालच्या घाटावरील पाणी चढतें. येथील आकाशावरून नदीचा अंदाज बांधणें म्हणूनच धोक्याचें. २०२० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस वरच्या खोऱ्यांतील पाऊस आणि धरणांतून सोडलेलें पाणी यांच्या योगानें भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकांठ पाण्याखालीं गेला होता. पावसाळ्यांत जाणेंच झालें तर पाण्याच्या विसर्गाची सूचना आधीं विचारावी आणि नदी वरच्या पायरीवरूनच पाहावी. उन्हाळ्यांत आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील ऊन काय करतें हें सांगावयास नको. तेव्हां कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. महाशिवरात्रीस वैजेश्वराच्या दर्शनासाठीं यात्रेकरूंची रीघ लागते. ज्यांना यात्रा पाहावयाची असेल त्यांनीं त्या दिवशीं जावें, ज्यांना गांव पाहावयाचें असेल त्यांनीं दुसरा दिवस निवडावा.

आतां प्रत्यक्ष दिवस. पवनी पश्चिम तीरावर असल्यामुळें सूर्य नदीपलीकडून उगवतो; घाटावरून पाहणाऱ्याच्या तो समोर येतो. हा देखावा चुकला तर सहलीचा अर्धा लाभ गेला. हिवाळ्यांत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, म्हणून उमरेडहून साडेपांचास निघावें. नागपूरच्या मंडळींनीं आदल्या रात्रीं उमरेडास आप्तांकडे उतरावें, हें उत्तम. पूर्वीं नागपूर-नागभीड ही अरुंद मापाची गाडी या भागांत धांवत असे व पवनी रोड नांवाचें स्थानकही होतें. ती गाडी रुळांचें माप बदलण्यासाठीं २०१९ सालीं बंद करण्यांत आली. एस. टी. नें जावयाचें असल्यास पहिल्या गाडीची वेळ आदल्या दिवशीं स्थानकावर विचारून ठेवावी. वाटेंत मिरचीसाठीं प्रसिद्ध असलेलें भिवापूर लागतें. तें ओलांडल्यावर पवनीकडे वळावयाचें.

सकाळीं सरळ घाटावर जावें. वैजेश्वराच्या घाटावर तासभर स्वस्थ बसावें. धीवर लोकांचे डोंगे, जाळीं झाडणारे हात, स्नानास आलेलीं माणसें, हें सारें पाहावें. छायाचित्रें घ्यावयाचीं तर विचारून घ्यावीं. मग देवळें. विदर्भांतील अष्टविनायकांपैकीं सर्वतोभद्र गणेशाचें स्थान पवनीसच आहे. सगळीं देवळें पाहण्याचा हट्ट धरूं नये. दोन देवळें नीट पाहिलेलीं बरीं. नंतर बाजारांतून पायीं तटाकडे चालावें. उमरेडप्रमाणेंच पवनीही कोष्टी लोकांच्या हातमागासाठीं, रेशीमकांठी वस्त्रांसाठीं, एके काळीं नांवाजलेली होती. चीनच्या जलनगरांतही पाण्याबरोबर रेशमाची गोष्ट येते, हें मुलांना येथेंच सांगावें.

तट व खंदक यांस निदान एक तास द्यावा. दरवाजा पाहून परत फिरूं नये. खंदकाच्या कडेनें जितकें चालवेल तितकें चालावें. कोठें पाणी आहे, कोठें गाळ, कोठें केवळ खोलगट जागा, हें पाहतां पाहतां जुन्या नगराचा आकार मनांत उभा राहतो. त्यानंतर बालसमुद्र व जगन्नाथ टेकडी. तेथें सावलींत शिदोरी सोडावी. अलीकडे पवनीजवळ रुयाड येथें नवा महास्तूपही उभारलेला आहे. दोन हजार वर्षांच्या अंतरानें एकाच परिसरांत उभे राहिलेले दोन स्तूप एका दिवसांत पाहण्याचा योग फारसा येत नाहीं. ज्यांना वाघाच्या अरण्याची ओढ आहे त्यांनीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यासाठीं वेगळा दिवस ठेवावा. एका दिवसांत दोन सहली केल्या तर हातीं एकही लागत नाहीं.

दुपारनंतर गोसीखुर्दकडे जावें. या धरणाची कोनशिला १९८८ सालीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसविण्यांत आली. त्याचा विस्तीर्ण जलाशय पाहून मन प्रसन्न होतें, आणि शेतीला पाणी मिळतें ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्या पाण्याखालीं नांदतीं गांवें गेलीं, आणि तेथील कुटुंबांना नव्या गांवठाणांत पुन्हां चूल मांडावी लागली, हेंही मुलांना सांगावें. त्यावांचून धरण पाहणें अपुरें आहे.

येथें एका गोष्टीकडे आपलें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. आमच्या उमरेडची आंब नदी अंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेस मिळते. नागपूरची नाग नदी कन्हानेंत पडते आणि कन्हान त्याच अंभोऱ्यास वैनगंगेस येऊन मिळते. हें सारें पाणी धरणांत सांठतें आणि तेथून पवनीच्या घाटाशीं जातें. याचा अर्थ असा कीं आपण पवनीस पहिल्यानें जातों असें आपल्याला वाटत असलें, तरी आपल्या घरच्या मोऱ्यांचें पाणी आपल्या कितीतरी आधीं तेथें पोंचलेलें असतें. नाग नदीच्या सांडपाण्यानें जलाशयाचें पाणी बिघडतें ही तक्रार नदीकांठचे लोक कित्येक वर्षें करीत आहेत. जे लोक त्या पाण्यांत नहातात, मासे धरतात आणि देवाला अर्घ्य देतात, त्यांचे आपण पाहुणे आहोंत. पाहुण्यानें यजमानाच्या माठांत घाण टाकूं नये, हा शिष्टाचार आपल्या घरांत लहान मुलासही ठाऊक असतो. घाटावर पत्रावळ टाकूं नये हें खरेंच. पण त्याहून मोठें काम घरीं परतल्यावरचें आहे. आपल्या शहराची नदी स्वच्छ व्हावी असा आग्रह आपण धरला, तर त्याचें फळ पवनीस मिळतें.

चीनमधील एक गोष्ट येथें उपयोगी पडेल. १९८० नंतरच्या दशकांत तिकडे जुनीं गांवें मोडून नवे रस्ते व कारखाने करण्याची घाई चालली होती. शांघायच्या थोंगची विद्यापीठांतील र्‍वान यीसान नांवाच्या नगररचनेच्या प्राध्यापकांनीं तेव्हां चौच्वांगसाठीं रक्षणाची योजना आंखली आणि जुन्या गांवास हात न लावतां नवी वस्ती बाहेर करावी असा आग्रह धरला. गांव वांचलें. पुढें तेथें प्रवाशांची इतकी दाटी झाली कीं तीच नवी चिंता ठरली, हा भाग निराळा. आपल्या पवनीस अद्याप दाटीचें भय नाहीं. भय आहे तें उपेक्षेचें. खंदक म्हणजे कचरा टाकण्याची जागा आणि तट म्हणजे फुकटची माती, असें एकदां लोकांस वाटूं लागलें, कीं दोन हजार वर्षांचें नगर दोन पिढ्यांत सपाट होऊं शकतें. आणि गांवाबाहेरचा मनुष्य तो खंदक पाहण्यासाठीं मुद्दाम येतो असें दिसलें, कीं गांवच्या मुलांनाही त्याची किंमत कळूं लागते. चार समंजस कुटुंबांची सहल एवढें काम निश्चित करूं शकते.

सूर्य मावळण्यापूर्वीं परतीची वाट धरावी, म्हणजे अंधाराच्या आंत उमरेड गांठतां येतें. यंदाच्या हिवाळ्यांत एखादी सुटी यासाठीं राखून ठेवावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.