उंबरठा न ओलांडता

मराठवाड्यातल्या घरांत मनाच्या दुखण्याला बहुधा नाव नसते. ‘कशात जीव लागत नाही’, ‘झोप उडाली आहे’, एवढेच सांगितले जाते. ताप आला तर शेजारी विचारपूस करतात. मानसोपचार विभागाच्या रांगेत मात्र कुणी ओळखीचे भेटू नये, असे वाटते. उद्या मुलीची सोयरीक जुळवताना तीच गोष्ट आड येईल, ही धास्ती असते. त्यामुळे ऑनलाइन समुपदेशनाचा विचार करताना तंत्रज्ञानाआधी एक प्रश्न विचारायला हवा: माणूस मदतीच्या दारापर्यंत पोहोचत का नाही?

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. लाज हे त्याचे एक कारण, अंतर हे दुसरे. सोयगाव किंवा वैजापूरहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात यायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. शिवाय समुपदेशन एका भेटीत संपत नाही. दर खेपेला पुन्हा रजा, पुन्हा एसटी आणि घरच्यांना पुन्हा नवे कारण.

हे अंतर कमी करण्याचा एक प्रयत्न राज्यात २०१५ साली झाला. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन चौकशी करायची आणि १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळायचे, अशी ती रचना होती. पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्राची ‘टेलि-मानस’ सेवा आली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज भासल्यास तज्ज्ञाकडे जोडून देतो.

हा समुपदेशक नेमके करतो काय? तो उपदेश करत नाही. उपदेश करणारे घरात पुष्कळ असतात. तो विचारतो, थांबतो, ऐकलेले पुन्हा मांडून दाखवतो. ‘सगळेच संपले’ या वाक्यातून कर्ज, अपमान, एकटेपणा असे धागे सुटे करतो आणि त्यातला आज हाताळता येईल असा एक धागा शोधायला मदत करतो. जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, निवृत्ती, स्पर्धा परीक्षेतले अपयश हे काही आजार नव्हेत. पण अशा वळणावर वेळीच बोलता आले, तर दुःखाचे आजारात रूपांतर होणे पुष्कळदा टळते.

अशा बोलण्याचा उपयोग होतो का? शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तींनी मोजक्या भेटींत समुपदेशन केले. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. त्या भेटी समोरासमोरच्या होत्या. मात्र मार्गदर्शकाची साथ असेल, तर सौम्य व मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात आणि चिंतेत ऑनलाइन उपचारही प्रत्यक्ष भेटीइतके उपयोगी ठरू शकतात, असे इतर देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे.

मर्यादाही आहेत. भास होत असतील, जिवाला धोका असेल, घरात मारहाण होत असेल, तर केवळ फोन पुरत नाही. प्रत्यक्ष मदत हवी. जाहिरात करणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असे नाही. त्याचे शिक्षण विचारायला संकोचू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हेही ठाऊक असावे.

पण कायदा घराच्या भिंती जाड करू शकत नाही. दोन खोल्यांत सहा माणसे आणि सासू-सुनेत मिळून एकच मोबाइल असेल, तर सुनेने मन मोकळे करायचे कुठे? उंबरठा ओलांडावा लागला नाही, तरी बोलायला एकांत लागतोच. घरातले कुणी फोन घेऊन गच्चीवर किंवा बांधावर गेले, तर ‘कुणाशी बोलत होतीस?’ असे न विचारणे, एवढे तरी घरच्यांना करता येईल. समुपदेशनाची अर्धी सोय तिथेच होते.