परक्या गावात आपलं गाणं

रायपूर स्टेशनाच्या पलीकडे गुढियारी आहे, ठोक बाजारासाठी ओळखली जाणारी दाट वस्ती. गणपतीच्या किंवा दुर्गेच्या विसर्जनाच्या दिवसांत या शहरात धुमाल वाजतो. गाडीवर भोंग्यांची उतरंड, तिच्यापुढे बेंजो, की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ताशे, आणि एकामागून एक सिनेमाची गाणी. इकडे दुर्ग-भिलाई आणि तिकडे थेट नागपूर, हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बेंजोवर फिरणारी बोटं पाहिली की हातात काही उणं आहे असं कोणी म्हणणार नाही. तरीही धुमालचं नाव मिरवणुकीच्या रस्त्यापलीकडे फारसं जात नाही. याउलट, डे-सिक्स नावाच्या कोरियन रॉक बँडचं गाणं रायपुरातल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीच्या मोबाइलवर सापडलं तर आज कोणाला नवल वाटणार नाही. भाषेचं अक्षर कळत नाही, पण गाणं पोचलेलं असतं. याचं कारण विचारलं की ‘पैसा आणि जाहिरात’ हे उत्तर तयारच असतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. गाणं कोणाचं आहे, हा प्रश्न मला त्याआधीचा वाटतो. उसन्या गाण्यावर गावात पोट भरता येतं. परगावी बोलावणं येतं ते स्वतःच्या गाण्याला.

कोरियन रॉकची सुरुवात आपल्या धुमालहून फार वेगळी नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९५०च्या दशकात कोरियन युद्धानंतर तिथे अमेरिकी फौजांच्या छावण्या होत्या, आणि छावणीतल्या सैनिकांसमोर अमेरिकी गाणी हुबेहूब वाजवणं हा कोरियन वादकांचा रोजगार होता. पुढे ज्याला कोरियन रॉकचा जनक म्हणू लागले तो शिन जुंग-ह्यॉन याच मंचांवर तयार झाला. त्याचं मोठेपण मात्र तो तिथून बाहेर पडल्यावर सुरू होतं. १९६०च्या दशकात त्याने स्वतःची गाणी रचली, दुसऱ्या गायकांना दिली आणि इलेक्ट्रिक गिटारला कोरियन भाषेत बोलायला लावलं. स्वतःचं गाणं किती जड असतं हेही त्यालाच कळलं. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या स्तुतीपर गाणं रचायला त्याने नकार दिला. १९७५मध्ये गांजाच्या प्रकरणात त्याला अटक झाली आणि त्याच्या गाण्यांवर बंदी आली. नक्कल करणाऱ्या वादकावर बंदी घालायची वेळ कुठल्याच सरकारवर येत नाही. पुढे १९९०च्या दशकात सोलच्या होंगदे भागातल्या छोट्या क्लबांमधून पंक आणि रॉक पुन्हा उगवलं, पण तोवर दूरदर्शनचा पडदा नाचणाऱ्या-गाणाऱ्या ‘आयडॉल’ गटांनी व्यापायला सुरुवात केली होती.

डे-सिक्स हा बँड या दोन्ही जगांच्या सांध्यावर उभा आहे. जेवायपी ही कोरियातली बडी आयडॉल कंपनी, आणि २०१५च्या सप्टेंबरात तिनेच हा बँड बाजारात आणला. पण यांना नाच नव्हता, आणि पहिल्यापासून गाण्यांच्या लेखनात-रचनेत सदस्यांचाच हात होता. २०१७ हे त्यांच्या वाटचालीतलं खरं वर्ष. ‘एव्हरी डे-सिक्स’ या उपक्रमात त्यांनी महिन्याला दोन नवी गाणी द्यायची असं व्रतच घेतलं, आणि वर्षअखेर ‘सनराइज’ आणि ‘मूनराइज’ असे दोन अल्बम उभे राहिले. वरवर पाहता ही लोकांच्या डोळ्यांसमोर राहण्याची युक्ती वाटते. तिचा दुसरा अर्थ पुढच्या वर्षी उघड झाला. २०१८मध्ये त्यांचा पहिला जागतिक दौरा निघाला. दोन तासांचा कार्यक्रम पेलायला वीसेक गाणी लागतात, आणि तिकीट काढून आलेल्या परदेशी माणसाला त्यातलं एकही दुसऱ्याचं ऐकायचं नसतं. आदल्या वर्षी भरलेली ही कणगी नसती तर दौऱ्यात रिकामी पोती घेऊन हिंडावं लागलं असतं. यंग के या सदस्याच्या नावावर आज कोरियाच्या संगीत हक्क संस्थेत शंभराहून अधिक गाणी नोंदलेली आहेत. गंमत म्हणजे घरचं कौतुक उशिरा आलं. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी सदस्य एकेक करून गेले (यंग के तर अमेरिकी फौजेसोबत काम करणाऱ्या कोरियन तुकडीत होता, शिन जुंग-ह्यॉनच्या छावणीचं वर्तुळ असं पुरं झालं), आणि ते परतल्यावर २०२४मध्ये २०१७ची आणि २०१९ची जुनी गाणी कोरियातल्या याद्यांमध्ये पुन्हा वर चढली. त्याच डिसेंबरात सोलच्या गोचोक स्काय डोममध्ये स्वतंत्र कार्यक्रम करणारा डे-सिक्स हा पहिला कोरियन बँड ठरला. नक्कल केलेलं गाणं असं सात वर्षं दबा धरून बसत नाही. मूळ गाण्याची हवा ओसरली की तेही संपतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मागे एवढी मोठी कंपनी असल्यावर स्वतः लिहिण्याचं कसलं कौतुक? आक्षेपात दम आहे, म्हणूनच ‘द रोझ’ या दुसऱ्या बँडकडे पाहावं. रस्त्यावर गात तयार झालेली ही मंडळी २०१७मध्ये ‘सॉरी’ या गाण्याने पुढे आली. त्यांची कंपनी लहान होती, आणि २०२०मध्ये तिच्याशीच बँडचा कोर्टात वाद झाला. वाद मिटल्यावर त्यांनी स्वतःची कंपनी काढली, २०२२मध्ये ‘हील’ हा अल्बम दिला, २०२४मध्ये अमेरिकेत कोचेला महोत्सवाच्या मंचावर गेले आणि त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवातही वाजवून गेले. कंपनीशी तंटा झाला तरी हाताशी उरलं ते स्वतःची गाणी रचण्याचं कसब, आणि त्याच्याच बळावर दुकान पुन्हा मांडता आलं. कंपनीचा पैसा वेग देतो यात वाद नाही; मात्र ज्या गटाजवळ स्वतःचं काही नाही त्याला तो वेग फार लांब नेत नाही, आणि आयडॉल गटांच्या गर्दीत लोप पावलेली कितीतरी नावं याची साक्ष देतील.

कोरिया दूर वाटत असेल तर मुंबई बघू. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला तेव्हा शहरातल्या बहुतेक बँडांची ख्याती ‘कोणता विदेशी गट हुबेहूब वाजवतो’ यावर ठरत असे. १९८४मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीननेही तिथूनच सुरुवात केली. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायनाला उदय बेनेगल. १९८८मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि इतर बँडांसमोर एक नवी रेघ ओढली गेली. १९९३मध्ये त्यांनी नावही बदललं, इंडस क्रीड झाले. नाव बदलण्याची निकड नक्कल करणाऱ्याला वाटत नाही. मूळ गाणी लिहू लागलेल्याला आपण कुठले, हा प्रश्न पडतोच. त्यांच्यानंतरचा पेंटाग्राम, ज्यात विशाल दादलानी गायचा आणि बेसवर पापल माने असायचा, २००५मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात पोचला. मुंबईच्याच डेमॉनिक रिझरेक्शनने २०१०मध्ये ऑस्लोचा इन्फर्नो महोत्सव गाठला, २०१४मध्ये जर्मनीचा वाकेन. २०१७च्या त्यांच्या अल्बमचं नाव ‘दशावतार’, त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचं एक गाणं. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडची कथा तर माझ्या म्हणण्याचा जिवंत नमुना आहे: सुरुवातीला लोकप्रिय गाण्यांच्या मेटल ढंगातल्या विडंबनांवर त्यांना इंटरनेटवर भरपूर प्रेक्षक मिळाले, पण २०१९मध्ये वाकेन आणि युरोपचा दौरा झाला तो स्वतःच्या गाण्यांकडे वळल्यावर.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त बोचरा आहे. गिटार परकी, ढंग परका, पुष्कळदा भाषाही इंग्रजी. मग हे ‘स्वतःचं’ कसं? याचं उत्तर मुंबईपेक्षा रायपूरच चांगलं देतं. १९२३मध्ये रायपुरात जन्मलेले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले हबीब तनवीर १९५५मध्ये इंग्लंडला नाट्यशिक्षणासाठी गेले, तिथून जर्मनीत जाऊन आले, आणि परतल्यावर १९५९मध्ये त्यांनी नया थिएटर उभं केलं. छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातले कसलेले कलावंत त्यांनी घेतले, पण कित्येक वर्षं त्या कलावंतांचं पाणी मंचावर दिसेना. चूक कुठे झाली ते त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं: ज्यांची जीभ छत्तीसगढीत चालते त्यांना हिंदी बोलायला लावलं होतं, आणि ज्यांना प्रेक्षकांशी बोलत हिंडायची सवय त्यांना खडूच्या खुणांवर उभं केलं होतं. १९७३मध्ये रायपुरातल्या नाचा कार्यशाळेनंतर त्यांनी दोन्ही बेड्या काढल्या. १९७५मध्ये ‘चरणदास चोर’ आलं आणि १९८२मध्ये एडिंबरोला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन आलं. या कलावंतांची छत्तीसगढी तिथे कोणाला कळत होती? यात परक्या गोष्टीला मज्जाव होता असंही नाही. जर्मन नाटककार ब्रेश्टचा प्रभाव तनवीरांनी कधी लपवला नाही. उसनं काय घेतलं यापेक्षा निर्णय कोणाच्या हाती राहिला, हे पाहायचं. डे-सिक्सची गिटारसुद्धा अमेरिकेतूनच आली आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. मिरवणुकीचं मंडळ किंवा लग्नघर सुपारी देतं ते ओळखीच्या गाण्यासाठी. लोक नाचायला उभे असताना बेंजोवाल्याने स्वरचित चाल सुरू केली तर पुढच्या वर्षी दुसरी पार्टी बोलावली जाईल. परदेश दौरा म्हणजे व्हिसा, विमानभाडं, वाद्यांचं जादा सामान. छोट्या बँडांना अनेकदा पदरचे घालून परतावं लागतं. शिवाय उसनी गाणी वाजवणं ही वाईट शाळा नाही. रॉक मशीनही त्याच शाळेतून आला, शिन जुंग-ह्यॉनही. हे सगळं मान्य करूनही एक हिशेब उरतो. सुपारी रात्र संपली की संपते. गाणं रचणाऱ्याच्या नावावर राहतं, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यानेही गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला आहे की तो त्याला करारात कायमचा लिहूनसुद्धा देता येत नाही. दौऱ्यातला तोटा अशा गाण्याच्या पुढच्या आयुष्यात भरून निघण्याची निदान शक्यता असते. उसन्या गाण्याच्या तोट्याला तेवढाही आधार नाही.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याची धुमालवाल्यांना रोज गरज पडते आणि ज्याचं नाव क्वचितच निघतं. कलम ५२ खाली धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत दुसऱ्याचं गाणं वाजवलं तर परवानगी लागत नाही, पैसेही द्यावे लागत नाहीत. म्हणून गुढियारीच्या रस्त्यावर विसर्जनाच्या रात्री कोणाचंही गाणं बिनधास्त वाजतं. तीच पार्टी तेच गाणं तिकीट लावलेल्या मंचावर घेऊन गेली, किंवा त्याचं चित्रण यूट्यूबवर चढवून त्यातून कमवायला बघू लागली, की ही सवलत मागे राहते आणि मालक हक्क सांगायला पुढे येतो. त्या जागेपासून पुढे वाजवत न्यायचं तर बेंजोवर स्वतःची चाल असावी लागते.