कसं घडतं? कुणाच्या बाबतीत घडतं?

1980च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले शेतकरी कर्जात बुडाले. त्याची झळ मुलांना कशी बसते, हे संशोधक रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी 1989पासून 451 कुटुंबांत तपासलं. पैशाची चणचण मुलांपर्यंत मुख्यतः आडवाटेनं पोचत होती. आधी आईवडील खचत, घरात खटके उडत, मुलांवर राग निघे आणि मग मुलांचं बिनसे. या मधल्या कड्या म्हणजे मध्यस्थ चल. परिणाम कसा घडतो, ते त्या सांगतात.

पण सगळेच पालक सारखे खचले नाहीत. जिथे नवरा-बायको एकमेकांना धरून होते, तिथे त्याच चणचणीचा मनस्ताप कमी होता. हा आधार परिणामाची तीव्रता बदलतो, म्हणून तो नियामक चल. परिणाम कुणावर आणि किती, ते त्यातून कळतं.

मानसशास्त्रज्ञ बॅरन आणि केनी यांनी 1986 साली हा भेद स्पष्ट मांडला. मध्यस्थ कळला की साखळी कुठे तोडायची ते ठरतं; नियामक कळला की मदत आधी कुणाला द्यायची ते. मात्र एकदाच केलेल्या पाहणीवरून मध्यस्थ सिद्ध होत नाही. कारण आधी, परिणाम नंतर हा क्रम दिसायला मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो.