घाटीपासून दारापर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात आंदोलन नाही असा आठवडा विरळा. १८५७ च्या उठावातल्या सैनिकांना जिथे मृत्युदंड दिला गेला तो काळा चबुतरा इथलाच, आणि २०२२ पासून चौथऱ्यासह ५२ फूट उंचीचा शिवरायांचा पुतळाही इथेच. गेल्या काही वर्षांत इथे ठिय्या देणाऱ्यांत घरोघरी आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईही दिसतात. मराठवाड्यातल्या आरोग्यसेवेचा प्रवास त्यांच्यापाशी यायला मात्र बरीच वर्षे लागली. आधी आल्या त्या इमारती.

निजामी राजवटीतून १९४८ मध्ये बाहेर पडलेल्या या प्रदेशाला पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले १९५६ मध्ये. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी आले. महाविद्यालयाचे रुग्णालय म्हणजे आपली ‘घाटी’. कन्नड, सिल्लोड, जालना, पार बुलढाण्याकडचीही माणसे एसटीने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायची आणि रिक्षावाल्याला एवढा एकच शब्द सांगायची. मंजूर खाटा १,१७७, पण खाट मिळाली नाही तर दोन खाटांच्या मधल्या फरशीवर गादी. सोबतचा नातेवाईक ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानापुढे पैसे मोजतोय, हे दृश्य इथल्या कोणालाही नवे नाही. घाटीला नावे ठेवणारेही रात्री-अपरात्री घाटीतच जातात, हेही तितकेच खरे.

पुढे अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथे महाविद्यालये झाली. कर्करोगासाठी मात्र बार्शी नाहीतर मुंबईचे टाटा गाठावे लागे. शहरातले शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ चे. २०१३ च्या अखेरीस जीवनदायी योजना जिल्ह्यात पोहोचली आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डाला दवाखान्यात किंमत आली. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका राज्यभर धावू लागल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने उपचार मोफत केले, पण ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. वैद्यकीय शिक्षण विभागाखालची घाटी त्यातून बाहेर राहिली. हा खात्याखात्यांतला फरक केसपेपरच्या रांगेतल्या म्हातारीला कोण समजावणार? दीड महिन्यातच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांची जुनीच चर्चा पुन्हा झाली.

दवाखान्याबाहेरची कामगिरी यापेक्षा गुणाची, असे मला वाटते. गारखेड्यात १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. संस्थेचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान. दोन्ही नावे एकाच पाटीवर वाचून नवखा माणूस थबकतो. या मंडळींनी रुग्णालयाच्या जोडीने झोपडपट्ट्यांतही काम उभे केले. सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळाच्या कार्यकर्त्या त्याच वस्त्यांतून फिरतात.

सरकारी व्यवस्थेत हे फिरणे आले ते २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून, आशाताईंच्या रूपाने. दवाखान्यात बाळंतपण झाले की तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या सहा गृहभेटी. काट्याच्या झोळीत बाळ ठेवायचे, वजन लिहायचे, अंग तापलेय का, छाती आत ओढली जातेय का, पाहायचे. आजीबाईने नाळेवर काही लावले असेल तर न भांडता ते थांबवायचे. यातले कौशल्य कुठल्याच रकान्यात बसत नाही. बाळ दूध ओढत नाही, मलूल आहे, हे वेळेत ओळखले तर घाटीत फरशीवरची गादी शोधायची वेळच येत नाही. करोनात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या वेळी ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेली तीही हीच.

तिला मिळतो तो पगार नव्हे, मोबदला, त्यातलाही काही कामागणिक. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या आणि आश्वासन कागदावर येईना म्हणून जानेवारीत पुन्हा. अखेर मार्च २०२४ मध्ये दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जालना आणि हिंगोलीसह राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. तिथे प्राध्यापक आणि परिचारिकांची पदे तरी मंजूर होतील. आशाताईचे पद मात्र सरकारदप्तरी पदच नाही, ती अजून ‘स्वयंसेविका’ आहे.