मुक्कामी गाडी

आम्ही सुट्टीत फिरायला गेलो की कधीकधी गाडीतच झोपतो, असं मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "अरे, चांगला सॉफ्टवेअरमध्ये आहेस, हॉटेलला पैसे नाहीत का?" मी हसून वेळ मारून नेतो. खरं कारण पैशांचं नाही. ते तीन वर्षं मी घरीही सांगितलं नव्हतं, म्हणून आधी तेच लिहितो.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही भुजहून बडोद्याला परतत होतो. सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग होती, म्हणून रविवारी रात्री जेवून निघालो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी मागे झोपलेल्या. पहाटे तीनच्या सुमारास चाकं रस्त्याच्या कडेला उतरली आणि त्या खडखडाटानं मी दचकून जागा झालो. गाडी मीच चालवत होतो! नंतर हिशेब केला. ताशी ९० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर, चालकाविना. पुढच्या धाब्यावर थांबून तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला. बायकोनं झोपेतच विचारलं, "का थांबलास?" मी म्हणालो, "पाय मोकळे करायला."

झोप येत असताना माणूस थांबत का नाही? कारण थांबून करायचं काय, हेच ठरलेलं नसतं. रात्री हॉटेल शोधायचं, सामान उतरवायचं, झोपलेल्या मुलीला उचलायचं. त्यापेक्षा 'अजून पन्नासच किलोमीटर' हे सोपं वाटतं. म्हणून ठरवलं, की गाडीतच नीट झोपता आलं पाहिजे.

पहिला प्रयत्न फसला. पुढची सीट मागे पाडून झोपलो. सकाळी मान आखडलेली आणि पायांवर सूज. पाय रात्रभर खाली लोंबकळत राहिले की असं होणारच. मग मधल्या आणि मागच्या सीटा पाडून हवेची गादी आणली. ती दिसायला छान, पण थंडीत पाठ गारठली. गादीच्या आतली हवा खालच्या थंड पत्र्यानं गार होत राहते आणि अंगाची ऊब शोषून घेते. शिवाय एकजण कुशीवर वळला की दुसरा उडतो!

इथे बाबा मदतीला आले. बाबा गुजरात एसटीत चालक होते. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या कितीतरी रात्री मुक्कामी गाडीत गेल्या. शेवटच्या गावी रात्री बस लावायची, तिथेच झोपायचं आणि पहाटे तीच बस घेऊन परत निघायचं. माझी खरेदी बघून ते म्हणाले, "इंजिनियर, आधी पट्टी घेऊन माप घे."

माप घेतलं. आमच्या एर्टिगाच्या सीटा पाडल्या, पुढच्या सीटा पूर्ण पुढे सरकवल्या, की डिकीच्या दारापासून जेमतेम सहा फूट मिळतात. माझी उंची पाच फूट सात इंच, म्हणजे जमतं. पण पाडलेल्या सीटा सपाट नसतात. मध्ये फट राहते आणि एक पायरीही असते. कंबर नेमकी तिथेच येते. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर लांबी आणखी घटते, म्हणून काहीही विकत घेण्याआधी स्वतः आत आडवं होऊन बघा.

बाबांनी मला पिंजाऱ्याकडे नेलं. कापसाची एक मोठी गादी न करता तीन तुकडे करून घेतले. फटीवर येणारा तुकडा जाड, बाकीचे पातळ. फटीत आधी जुनी गोधडी घट्ट घडी करून कोंबायची, मग वर तुकडे अंथरायचे. कापूस थंडी वर येऊ देत नाही, आणि दिवसा तुकडे एकावर एक रचता येतात. हवेच्या गादीपेक्षा हे स्वस्त पडलं. मी अंदाजानं मागवलेली गादी आता पाहुण्यांना देतो.

बाबांचा दुसरा धडा उताराचा. गाडी सपाट उभी आहे असं डोळ्यांना वाटतं, पण पाठीला खरं कळतं. पाण्याची अर्धी भरलेली बाटली आत आडवी ठेवा, उतार लगेच दिसतो. थोडा उतार राहणारच असेल तर डोकं चढाच्या बाजूला. आडवा उतार मात्र नको, रात्रभर एकमेकांच्या अंगावर घसरत राहाल.

तिसरी गोष्ट हवेची. सगळ्या काचा बंद करून झोपलो तर पहाटे काचांना आतून पाणी सुटतं. ते आपल्याच श्वासातलं. हवा कोंदट होते, डोकं जड होतं. म्हणून समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवायच्या, म्हणजे वारा खेळता राहतो. दारावर बाहेरून मच्छरदाणीचं कापड ताणून बसवलं की डासांचा प्रश्न मिटतो.

एक नियम मात्र मी कधीच मोडत नाही. झोपताना इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून, एसी लावून बंद गाडीत झोपणं जिवावर बेतू शकतं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. धूर बाहेर टाकणारी नळी गळत असेल, मातीनं बुजली असेल, किंवा गाडी भिंतीलगत उभी असेल तर तो आत शिरू शकतो. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेल्या माणसाला काही जाणवतच नाही. याच कारणानं गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅसही पेटवायचा नाही. थंडी वाजली तर रजई वाढवा. उकडत असेल तर त्या रात्री सरळ खोली घ्या. गुजरातच्या मे महिन्यात गाडीत झोपायचा हट्ट नको.

जागा कुठली, हेही महत्त्वाचं. हायवेच्या कडेला कधीच नाही, मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकालाही झोप येत असू शकते. पेट्रोल पंप, रात्रभर चालू असलेलं हॉटेल किंवा धर्मशाळेचं आवार बघायचं, तिथल्या माणसाला विचारायचं, आणि संडास-बाथरूम वापरलं तर पैसे द्यायचे. गाडीचं तोंड रस्त्याकडे, चालकाची सीट मोकळी, किल्ली ठरलेल्या जागी. रात्री निघावं लागलं तर शोधाशोध नको.

या जानेवारीत बाबा आणि मी दोघेच धोलावीराला गेलो. हडप्पा काळातलं हे शहर कच्छच्या रणातल्या खडीर बेटावर आहे. २०२१ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आलं तेव्हापासून बाबांना ते बघायचं होतं. पोचलो तेव्हा मुक्कामाच्या खोल्या भरलेल्या. मालकानं अंगणात गाडी लावू दिली. बाजरीचा रोटला आणि कढी जेवलो, तुकडे अंथरले, काचा दोन बोटं उघडल्या. बाहेर चांगलीच थंडी होती.

अंधारात, रजईत गुरफटून पडल्या पडल्या मी त्यांना ती डुलकी सांगितली. बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "माझाही लागला होता एकदा. पन्नास माणसं होती मागे. तुझ्या आईला अजून सांगितलं नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "चहानं झोप जात नाही रे, नुसती पुढे ढकलली जाते. झोपेवर औषध झोपच."

सकाळी सात वाजता उठलो. पाय सुजले नव्हते, मान ठीक होती. बाबांनी अडुसष्टाव्या वर्षी त्या जुन्या शहराचे पाण्याचे हौद पायऱ्या उतरून बघितले आणि दोनदा म्हणाले, "काय माप घेतलंय!"

परतताना हळवदच्या पुढे दुपारी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "दोन वेळा जांभई दिलीस. घे बाजूला." एका हॉटेलच्या आवारात झाडाच्या सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, काचा उघडल्या. बाबा बाहेर खाटेवर पेपर वाचत बसले आणि मी मागे आडवा झालो. वीस मिनिटांनी त्यांनीच उठवलं.

घरी पोचायला अर्धा तास उशीर झाला. बायकोनं विचारलं, "कुठे थांबला होतात?" या वेळी मी खरं सांगितलं, आणि तीन वर्षांपूर्वीचंही. ती दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या मापाची उशी शिवून गाडीत ठेवली.

आईला मात्र बाबांची गोष्ट हा लेख वाचूनच कळेल. बाबांना तशी कल्पना दिली आहे.