गर्भिणीचा आहार

गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतच्या काळात मातेचे स्वास्थ्य टिकावे व गर्भाची वाढ यथायोग्य व्हावी, यासाठी आवश्यक असणाऱ्या अन्नघटकांनी युक्त असा आहार. गर्भाचे पोषण मातेच्या रक्तातून अपरेमार्गे (वारेमार्गे) होते. अपरा, गर्भाशय व स्तन यांची वाढ आणि मातेच्या रक्ताच्या आकारमानात होणारी वाढ यांसाठीही जादा अन्नघटक लागतात. तथापि दोन जिवांसाठी दुप्पट खावे, हा समज बरोबर नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० मधील शिफारशींनुसार दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहींत रोज सु. ३५० किलोकॅलरी जादा ऊर्जा पुरेशी असते. दोन पोळ्या व वाटीभर दाट वरण यांतून ती बव्हंशी मिळते. प्रथिनांची रोजची गरज मात्र दुसऱ्या तिमाहीत ९·५ ग्रॅ. व तिसरीत २२ ग्रॅ. इतकी वाढते. म्हणजेच आहाराच्या राशीइतकाच त्याचा कसही महत्त्वाचा असतो. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९४–९६ मध्ये झालेल्या पाहणीत ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची अर्भके आकारमानाने मोठी असल्याचे आढळले.

लोह : संपूर्ण गर्भारपणात सु. १,००० मिग्रॅ. लोह लागते. त्यांपैकी सु. ५०० मिग्रॅ. मातेच्या वाढत्या रक्तासाठी, ३०० मिग्रॅ. गर्भ व अपरा यांसाठी आणि उरलेले नित्याची झीज भरून काढण्यासाठी खर्च होते. तृणधान्ये व डाळी यांतील लोहाचा अल्पांशच शोषला जातो. लिंबू, आवळा यांमुळे हे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे घटते. केवळ आहारातून ही गरज भागणे कठीण असल्याने लोहाच्या गोळ्या देतात.

फॉलिक अम्ल : ल्यूसी विल्स या ब्रिटिश महिला वैद्यांनी १९२८ पासून मुंबईतील गरीब गर्भवतींमध्ये, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला. तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखविले. त्यातील गुणकारी घटक फॉलिक अम्ल असल्याचे पुढे निष्पन्न झाले. गर्भाचा मेंदू व मेरुरज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सु. २८ दिवसांत मिटते. त्या वेळी अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक अम्ल गर्भधारणेपूर्वीपासून घेणे इष्ट ठरते. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात नसल्याने शाकाहारी स्त्रियांच्या आहारात दूध व दही अवश्य असावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) भारतातील शेकडा ५२ गर्भवतींना पांडुरोग असल्याचे आढळले. त्याची कारणे केवळ दारिद्र्यात नाहीत. मूल मोठे झाल्यास प्रसूती अवघड होईल या भीतीने कमी खाणे आणि घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेल्या अन्नावर भागविणे, यांमुळेही आहार अपुरा पडतो. त्यामुळे गर्भिणीच्या आहारासंबंधीचे शिक्षण तिच्याबरोबरच तिच्या कुटुंबीयांनाही देणे आवश्यक ठरते.