पाटाचं आवर्तन, पत्र्याचं छप्पर आणि पालिकेचं बजेट

३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत शिरूर होतं, दौंडही होतं. पाच वर्षांनी नेमक्या त्याच तारखेला, ३१ ऑक्टोबर २०२३ ला, पुन्हा यादी आली. या वेळी तालुके फक्त ४०, पण शिरूर-दौंड काही सुटले नाहीत. आणि मग उजाडला २०२५ चा मे. कुरडया-पापड वाळत घालायचे दिवस, आणि दौंड, बारामती, इंदापूरकडे असा काही पाऊस कोसळला की रस्त्यांचे ओढे झाले. गच्चीवरचं वाळवण तर गेलंच, शेतातलंही गेलं.

‘हवामान बदल’ हा शब्द ऐकला की आपल्याला वितळणारा बर्फ आठवतो. मैत्रिणींनो, तो बर्फ राहू द्या तिकडे. आपल्याकडे हा बदल हंड्यात आणि पाटात दिसतो. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन लांबलं की दौंडच्या बाईचं घड्याळ बदलतं. पहाटे चारला उठून मोटार लावणारी तीच, आणि पाणी कमी पडलं म्हणून बोलणी खाणारीही तीच.

मग यावर शहराने करायचं काय? झाडं लावा, फोटो काढा, एवढ्यावर भागत नाही. मुंबईने १३ मार्च २०२२ ला आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. नाव जड आहे, पण रीत आपल्या घरखर्चाच्या वहीसारखीच. आधी हिशेब मांडला. २०१९ साली मुंबईतून सुमारे २ कोटी ३४ लाख टन तापवणारे वायू हवेत गेले. त्यातला ७२ टक्के वाटा घरं, दुकानं, कारखान्यांत लागणाऱ्या ऊर्जेचा, २० टक्के वाहनांचा आणि ८ टक्के कचऱ्याचा. मग पाहिलं, पाणी कुठे तुंबतं, ऊन कुठल्या वस्तीला जास्त भाजतं. त्यानंतर ठरलं काय करायचं आणि कधीपर्यंत. खर्च कुठे जातो ते न पाहता काटकसर करायला निघालं, तर आपण चहातली साखर तोडतो आणि विजेचं बिल तसंच राहतं!

शिरूर-दौंड म्हणजे मुंबई नव्हे, हे खरं. पण आपल्या राज्यात ‘माझी वसुंधरा अभियान’ २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, ते नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींसाठीही होतं. पहिल्याच वर्षी ६८६ स्थानिक संस्था त्यात होत्या. पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गुण द्यायचे, असा तो प्रकार. गुणांसाठी का होईना, गावोगावी कचऱ्याचे, झाडांचे, विजेचे आकडे गोळा होऊ लागले. मला विचाराल तर बक्षिसापेक्षा हे आकडे मोलाचे. फक्त ते फायलीत न राहता वॉर्डात यायला हवेत.

लहान गावाचा हिशेब तसा सोपा असतो. पालिकेच्या विजेच्या बिलात मोठा वाटा पाणी उपसणाऱ्या पंपांचा आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा. म्हणजे फुटकी पाइपलाइन दुरुस्त केली की पाणीही वाचतं आणि वीजही. वाहून गेलेलं पाणी उपसायला आधीच वीज जळालेली असते ना! ओल्या कचऱ्याचंही तसंच. तो ढिगात दडपून कुजला की मिथेन वायू तयार होतो, आणि तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहूनही भारी. २०१६ च्या नियमांनीच ओला-सुका वेगळा करायला सांगितलं. घराघरात बायका तो वेगळा करतातही; पण घंटागाडीत दोन्ही एकत्र पडलं, तर आपली मेहनत मातीत. खत तयार करायचं काम बचत गटांना देता येतं, चार पैसेही हाती येतात.

आता ऊन. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्म्याने हाहाकार उडाला. त्यातून धडा घेऊन २०१३ साली तिथल्या पालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, पाणपोया सुरू करायच्या, दवाखान्यांनी तयार राहायचं. तिथल्याच महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधल्या बायकांना बरोबर घेऊन छपरांना पांढरा रंग दिला. पांढरं छप्पर ऊन परतवतं, त्यामुळे खोली कमी तापते. आपल्याकडे दुपारी पत्र्याखाली चूल नाहीतर शिलाई मशीन चालवणाऱ्या किती जणी असतील? त्यांची घरं मोजणं हेही आराखड्याचंच काम.

मात्र एक गोष्ट एकट्या पालिकेच्या हातातली नाही. पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते, शिरूरवरून आलेली घोडनदीही भीमेलाच मिळते, आणि तीच भीमा पुढे दौंडला येते. वरच्या गावाने नदीत काय सोडलं, ते खालच्या गावाच्या दारात येतं. शिरूरने मैलापाणी शुद्ध केलं तर लाभ दौंडचा, मग खर्च कुणी करायचा? या प्रश्नावर दोन्ही गावांनी एकत्र बसायला हवं, आणि पुण्यालाही बोलवायला हवं.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये, बऱ्याच वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर, राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. निम्म्या जागा बायकांच्या. हळदीकुंकवाला, भिशीला आपली नगरसेविका भेटतेच. तिला तीन गोष्टी विचारा. पाणीपुरवठ्याचं वीजबिल महिन्याला किती येतं? वॉर्डातली झाडं शेवटची कधी मोजली? (१९७५ च्या कायद्यानुसार शहरातल्या झाडांची गणना दर पाच वर्षांनी व्हायला हवी.) आणि टँकर, गळती, छपरं यांसाठी बजेटमध्ये वेगळी रक्कम ठेवली आहे का? उत्तर लगेच मिळालं नाही, तर पुढच्या भिशीला पुन्हा विचारा.